एवढी कोण आठवण काढतंय?

माझ्या दवाखान्याच्या पाटीवर नावाखाली ‘मेंदूविकारतज्ज्ञ’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. तरीही अधूनमधून एखादी गरोदर बाई सासूला घेऊन माझ्यासमोर येऊन बसतेच. आमच्या नगरमध्ये (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण जिभेचं वळण लवकर जात नाही) बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची डॉक्टर. पाटी वाचायची गरज कोणाला वाटत नाही. सुरुवातीला मी चिडायचे. आता हसून खालच्या मजल्याकडे बोट दाखवते. तिथे खरोखरच स्त्रीरोगतज्ज्ञ बसतात आणि त्यांच्या बाकांवर कायम गर्दी असते.

माझं काम बाहेरून पोरखेळासारखं दिसतं. गुडघ्यावर हातोडी मारायची, तळव्यावर ओरखडा काढायचा, डोळ्यात टॉर्च मारायची, टाचणी टोचून ‘टोचतंय का’ विचारायचं. जामखेडचे एक आजोबा (मीही मूळची तिकडचीच) तपासून झाल्यावर म्हणाले होते, “मॅडम, खेळून झालं आसंल तर आता औषिद द्या.” पण या खेळातून आम्ही ठिकाण शोधत असतो. बिघाड मेंदूत आहे, की मणक्यातल्या मज्जारज्जूत, की हातापायाच्या नसांत. ठिकाण सापडलं की रोगाचं नाव पुष्कळदा आपोआप पुढे येतं.

या अंकाच्या संपादकांनी मला मेंदूच्या नवलाईवर लिहायला सांगितलं. नवलाई आहे, नाही असं नाही. पण माझ्या टेबलापलीकडे मी सगळ्यात जास्त काही पाहिलं असेल तर ती लाज. मुलीला फिट येते, पण बाप तो शब्द उच्चारत नाही, ‘चक्कर’ म्हणतो, कारण तिचं लग्न व्हायचंय. एक निवृत्त फौजदार खुर्चीवर आधी प्लॅस्टिकची पिशवी अंथरायचे आणि मगच बसायचे. मी ती पिशवी कधी पाहिलीच नाही असं दाखवायचे. आजारापेक्षा आजाराची लाज माणसाला जास्त वाकवते, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. ते मला एका मायलेकींकडून कळलं. त्यांची नावं मी बदलली आहेत. बाकी सगळं घडलं तसंच सांगते.

घोडेगावच्या शेजारच्या गावातल्या कौसाबाई आणि त्यांची लग्न झालेली मुलगी अर्चना. उन्हाळा नुकता तापायला लागला होता. आत आल्या आल्या कौसाबाईंनी दार ओढून घेतलं, कडी शोधली आणि कडी नाही म्हटल्यावर दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“मॅडम, हिला दिवस गेलेत का तेवडं बगा. आन् काय आसंल ते मला एकटीला सांगा.”

मी सवयीनं म्हणाले, “मावशी, मी मेंदूची डॉक्टर आहे. त्यासाठी खालच्या मजल्यावर जावं लागेल.”

“खाली आमच्या गावातल्या दोगीजणी बसल्यात. म्हून तर वर आलो. तुमी बाईच हायेत ना? मग तुमीच बगा.”

मुलगी तेवीस-चोवीसची असेल. अंगावर सैलसर ड्रेस, डोळे खाली, गाल बसलेले. ती पुटपुटली, “चल आई, उगी कशाला,” आणि उठली. उठताना तिनं आधी टेबल धरलं, मग खुर्चीची पाठ, मग भिंत. दोन पावलं गेली आणि माझ्या लक्षात आलं की तिच्या उजव्या पायातली चप्पल टेबलाखालीच राहिली आहे. तिला ते कळलंच नव्हतं.

“अर्चना, थांब. तुझी चप्पल.”

तिनं खाली पाहिलं. तो पाय दुसऱ्या कोणाचा असावा तसं पाहिलं.

मी तिला परत बसवलं. पण मी विचारायचं आणि उत्तर कौसाबाईंनी द्यायचं, असं सुरू झालं. शेवटी सिस्टरना सांगून मी त्यांना ब्लडप्रेशर मोजायला बाहेर पाठवलं. जाताना त्या मुलीला दबक्या आवाजात म्हणाल्या, “खरं काय ते सांग बाईला. आता तरी.”

दार नीट लागलंय का ते अर्चनानं वळून पाहिलं. मग तिनं जे सांगितलं ते असं.

तिचा नवरा दत्ता जेसीबीचा ऑपरेटर. गुजरातेत रस्त्याच्या कामावर असायचा. पोळ्यानंतर गेला तो दिवाळीलाही आला नव्हता. ती सासरी सासूसोबत राहत होती. संक्रांतीनंतर एक दिवस तिला उचकी लागली. पाणी प्यायली, साखर खाल्ली, श्वास कोंडून धरला, थांबली नाही. सासू हसून म्हणाली, “दत्ता आठवण काढतोय वाटतं.” शेजारणींनीही तेच म्हटलं. दुसऱ्या दिवशीही उचकी सुरूच होती. आठवड्यानंतर कोणी हसेनासं झालं. सासूनं दत्ताला फोन करून विचारलं, तू हिची एवढी आठवण काढतोस का रे? तो म्हणाला, मला मशिनीवरून उतरायला सवड नाही. त्यावर सासूनं सगळ्यांसमोर विचारलं, “मग एवढी कोण आठवण काढतंय हिची?”

त्यात उलट्या सुरू झाल्या. पाणीसुद्धा ठरेना. नवरा महिनोन् महिने बाहेर आणि सुनेला उलट्या. पुढचं कोणी बोलून दाखवायची गरज राहिली नाही. गावातल्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या, तालुक्याला पोटाची दुर्बीण झाली, त्यात काही निघालं नाही. काही निघालं नाही हाच पुरावा झाला. सासूनं तिला माहेरी आणून घातलं. मेडिकलमधली पट्टी आणून तपासणीही झाली. पट्टी नाही म्हणाली. पण पट्टी खोटी निघते, असं कोणीतरी सांगितलं होतं.

“आईनं मला देवापुढं बसवलं,” अर्चना म्हणाली. “म्हनली, बापाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे. मी हात ठेवला. बोलायला लागले आन् उचकी लागली. आईला वाटलं, खोटं बोलती म्हणून जीभ अडखळली. तिनं मारलं मला. वडिलांनी मोबाईल काढून घेतला, ट्रंकेत टाकला.”

“आणि उचकी?”

“चार-पाच दिवसांनी थांबली आपोआप. उलटीबी थांबली. मग तर झालंच ना मॅडम. मोबाईल बंद झाला, म्हणून उचकी बंद झाली. सगळे म्हनले, बघा.”

हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त अधूनमधून दाराकडे बघत होती.

मी तिला पलंगावर घेतलं. पाय हलवायला सांगितले, ताकद निम्मी. टाचणीनं पायापासून वर येत गेले. छातीच्या खालच्या बरगडीपर्यंत तिला टोचलेलं नीट कळत नव्हतं, त्याच्या वर चटकन कळत होतं. त्या रेषेवर दोरीनं आवळल्यासारखं वाटतं, असं तिनं सांगितलं. तळव्यावर ओरखडा काढला की अंगठा खाली जायला हवा, तो वर उचलला गेला. म्हणजे बिघाड मज्जारज्जूत होता, पाठीच्या मधोमध. मग मी पोटाला हात लावला. बेंबीपर्यंत घट्ट, गोल फुगवटा.

“लघवीला कधी गेली होतीस?”

तिनं तोंड भिंतीकडे केलं. “थेंब थेंब होती. कधी होती तेच कळत नाही. कपडे खराब होतात. कोणी उठायच्या आत धुवून टाकते.”

मज्जारज्जू सुजला की मूत्राशय भरल्याचा निरोप वर पोहोचत नाही. पिशवी भरत जाते, ताणली जाते आणि मर्यादेपलीकडे गेली की थेंब थेंब गळते. दुखतही नाही. बाहेरून दिसतो तो फक्त पोटाचा वाढत गेलेला उंचवटा. घरातल्या बाईला तो कसला वाटला असेल हे सांगायला नको.

मी सिस्टरना नळी घालायला सांगितलं आणि अर्चनाला विचारलं, “आईला बाहेरच राहू दे ना?”

“नाही,” ती म्हणाली. “बोलवा. बघू दे तिला.”

कौसाबाई आत येऊन पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. नळी आत गेली आणि लघवी वाहू लागली. नळीला जोडलेली पिशवी भरत आली तशी सिस्टरनं दुसरी जोडली. चादरीखालचा उंचवटा आमच्या डोळ्यांदेखत खाली बसत गेला आणि थोड्या वेळानं तिथे एका उपाशी मुलीचं खपाटीला गेलेलं पोट उरलं.

“मंजी,” कौसाबाई म्हणाल्या, “ते मुताचं हुतं?”

“हो, मावशी.”

“निस्तं मुताचं?”

“हो.”

त्या होत्या तिथेच फरशीवर बसल्या. पदर तोंडात कोंबला. अर्चनानं त्यांच्याकडे बघितलं नाही. ती छताकडे बघत होती.

त्याच दुपारी आम्ही तिला भरती करून घेतलं. एमआरआय करायचा होता, जोरदार औषधं सुरू करायची होती. बाळंतपणाच्या वयातली बाई असेल तर असली औषधं देण्याआधी गरोदरपणाची तपासणी करून घ्यावीच लागते. दवाखान्याचा तो नियम आहे आणि नियम बरोबर आहे. सुई घेतलेल्या सिस्टरना सोबत घेऊन मी तिच्याजवळ गेले आणि सांगितलं की रक्तात तेवढं एक बघायचं आहे, सगळ्यांचंच बघतो.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “मॅडम,” ती म्हणाली, “तुमीपण?”

मी औषधांची नावं सांगायला लागले, बाळावर परिणाम होतो वगैरे. तिनं मध्येच दंड पुढे केला. “घ्या, घ्या. तुमची चूक नाही.” कितीतरी रोग्यांना मी वाईट बातम्या सांगितल्या आहेत, त्यांच्यासमोर डगमगले नाही. त्या मुलीच्या दंडाला पट्टा बांधला जात असताना मात्र मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी चूक काही करत नव्हते, आणि तरी लाज वाटत होती. त्या घरातल्या प्रत्येकानं तिला जे विचारलं तेच मीही विचारत होते, फक्त माझ्याकडे त्यासाठी कारण होतं.

एमआरआयमध्ये मज्जारज्जूत लांबलचक सूज दिसली. आणि मी मुद्दाम वर, मेंदूच्या तळाशी, मानेला जिथे मेंदू मिळतो त्या जागी बघायला सांगितलं होतं, तिथेही एक छोटा डाग होता. उलटीचं आणि उचकीचं केंद्र तिथेच असतं. रक्त पुण्याला पाठवलं. अहवाल येईपर्यंत वाट बघायची नसते. सलाईनमधून स्टिरॉइड सुरू केलं.

इथे थोडं मेंदूबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मेंदू म्हटलं की आपल्याला चेतापेशी आठवतात. त्या एकमेकींना विजेसारखे संदेश देतात, त्यातून आपण चालतो, बोलतो, आठवतो. पण त्यांच्यामध्ये, त्यांना बिलगून दुसऱ्या असंख्य पेशी असतात. त्यांच्यातल्या एका जातीला चांदणीसारखे फाटे असतात, म्हणून त्यांचं नाव अ‍ॅस्ट्रोसाइट, मराठीत तारकापेशी. आम्ही शिकत होतो तेव्हा त्यांना पुस्तकात जेमतेम जागा होती. आमचे सर म्हणायचे, “तो भराव आहे. पुढे चला.” शास्त्रज्ञांनी मेंदूत तारा खोचून ऐकलं तेव्हा चेतापेशी कडकड बोलल्या आणि या गप्प राहिल्या. त्या गप्प होत्या म्हणून कितीतरी काळ कोणी त्यांना काही विचारलंच नाही.

खरं म्हणजे त्या सतत कामात असतात. एक फाटा रक्तवाहिनीला लावायचा, दुसरा चेतापेशींच्या जोडापाशी ठेवायचा. तिकडून पोषण आणायचं, इकडे संदेश देऊन झाल्यावर सांडलेली रसायनं टिपून घ्यायची. क्षारांचं प्रमाण राखायचं. रक्तातलं नको ते मेंदूत शिरू नये म्हणून पहारा ठेवायचा. इजा झाली तर तिच्याभोवती खपली धरायची. अर्धांगवायू, फिट्स, विस्मरण या सगळ्यांत त्यांचा काय वाटा आहे, त्या कुठे सावरतात आणि कुठे बिघडवतात, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही.

श्रीरामपूरचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे होते. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस. एकाएकी झोकांड्या खात चालायला लागले, बोलताना जीभ जड, दिवसा झोपायचे. मुलांनी त्यांचं तोंड हुंगलं. कावीळ जुनी, लिव्हर खराब झालेलं. रक्तात अमोनिया साचला होता. तो मेंदूत निस्तरायचं काम तारकापेशींचं, त्या निस्तरता निस्तरता सुजल्या होत्या. पोट साफ करणाऱ्या औषधानं गुरुजी आठवड्यात पूर्ववत झाले. मुलं मान वर करून त्यांच्याशी बोलू शकत नव्हती. गुरुजीच त्यांना म्हणाले, “अरे, मलासुद्धा माझाच संशय आला होता.”

अर्चनाचा रोग मात्र सरळ या पेशींवरचाच. तारकापेशींच्या फाट्यांवर पाण्याची बारीक दारं असतात. मेंदूतलं पाणी त्यांतून आत-बाहेर होतं. काही माणसांत शरीराची स्वतःची संरक्षक फौज त्या दारांनाच शत्रू समजते आणि हल्ला करते. ती दारं जिथे जास्त तिथे घाव बसतो. डोळ्यांच्या नसा, मज्जारज्जू, आणि मेंदूच्या तळाशी उलटी-उचकीची ती जागा. म्हणून या रोगाची सुरुवात कधीकधी नुसत्या न थांबणाऱ्या उचकीनं होते. आठवडाभर, दोन आठवडे. मग ती आपोआप थांबते आणि सगळ्यांना वाटतं, गेलं. रोगाचं नाव लांबलचक आहे, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. आम्ही एनएमओ म्हणतो. पुण्याहून अहवाल आला, त्यात तेच निघालं.

हे सगळं मी अर्चनाच्या आईवडिलांना वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून सांगितलं. वडील रामभाऊ, जनावरांच्या बाजारातले जाणते दलाल. उंच, पांढरी टोपी, हातात टोपीच्या रंगाचा रुमाल. मी बोलत असताना त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मी थांबल्यावर म्हणाले, “मंजी उचकीबी रोगाचीच.”

“हो.”

“आन् मोबाईल काडून घेतला म्हून थांबली न्हाई.”

“नाही. ती थांबणारच होती.”

ते बराच वेळ रुमालाची घडी करत राहिले. “मॅडम, बाजारात लोक मला बोलावून नेत्यात. बैल निस्ता चार पावलं चालला तरी मी सांगतो, कुठल्या पायात खोट हाय. आन् घरात लेक भितीला धरून चालायची, ते मला न्हाई दिसलं. दिसलं तर वाटायचं, सोंग करती.” मग ते उठून जिन्यानं खाली गेले. संध्याकाळपर्यंत ते दवाखान्यासमोरच्या कडुलिंबाखाली उभे होते. वर यायचं धाडस त्यांना झालं नाही.

दत्ता तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुजरातेतून आला. थेट कामावरून, शर्टाला सिमेंटची धूळ. वॉर्डाच्या दारात उभा राहिला. अर्चनानं त्याला पाहिलं आणि कूस बदलली. एवढंसुद्धा तिला हातांनी चादर धरूनच करता येत होतं. तो माझ्या खोलीत आला आणि बसा म्हटलं तरी बसला नाही.

“मॅडम, ती फोन करायची. उचक्या देत देत बोलायची. मला वाटायचं नाटक करती. मी नंबर ब्लॉक केल्ता.” मग त्यानं विचारलं, “उचकी लागली तवाच आनली आसती तर पाय वाचलं आसतं का?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. खोटं बोलावंसं वाटलं. “कदाचित वाचले असते,” मी म्हणाले. “पण नुसत्या उचकीवरून हा रोग ओळखणं डॉक्टरांनाही अवघड जातं. तो दोष तुमच्या एकट्याचा नाही.”

“डॉक्टरला न्हाई कळलं ते येगळं,” तो म्हणाला. “मी तिचा नवरा हाय. मला तिनं सांगितलं हुतं, आन् मी नंबर ब्लॉक केला.”

तो रोज येऊन तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसायचा. ती बोलायची नाही. स्टिरॉइडनं हवा तेवढा फरक पडेना, म्हणून रक्तातला पातळ भाग बदलण्याची प्रक्रिया केली. त्यातून फौजेची ती चुकीची हत्यारं बाहेर काढली जातात. मग हळूहळू पायाची बोटं हलली, गुडघा वाकला. एके सकाळी सिस्टर धावत सांगत आली, अर्चना वॉकर धरून उभी राहिली. मी गेले तेव्हा दत्ता रडत होता आणि ती त्याला म्हणत होती, “वॉकर धर, मी पडंन. मग रड.” ती त्याच्याशी बोललेली ती पहिली वाक्यं.

लघवीची संवेदना मात्र पूर्ण परत आली नाही. दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिकावं लागतं. सिस्टर म्हणाल्या, “आईला शिकवते, त्या करून देतील.” अर्चना म्हणाली, “मला शिकवा.” आरसा घेऊन तिनं ते दोन दिवसांत शिकून घेतलं. कौसाबाई पडद्याबाहेर पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असायच्या. पडद्याआडून हात यायचा, तांब्या घ्यायचा, रिकामा तांब्या परत द्यायचा.

मी एकदा अर्चनाला म्हणाले, “आई फार कष्टी झालीय गं.”

“होऊ दे,” ती म्हणाली. “सासू परकी होती मॅडम. तिनं म्हटलं त्याचं मला एवढं नाही वाटलं. आईनं मला न्हाऊ घातलंय लहानपणी. तिला माझं अंग माहीत नव्हतं?”



घरी जायच्या दिवशी दोन्ही घरची माणसं आली होती. सासूही आली होती, हातात नारळ आणि साडी घेऊन, तोंड वाळलेलं. दत्ता म्हणाला, “चल घरी.” अर्चनानं काठी टेकली आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, “कोनच्या घरी? तुमच्या आईनं मला तिकडून काडलं. माझ्या आईनं ठिवून घेतलं ते कोंडून घालायला. तुमी काम करता तिथं खोली बघा. न्हाईतर मी हितंच बसती बाकावर.” सासूनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा दत्ता म्हणाला, “आये, तू गप बस. आपन बोललो तेवडं बास झालं.” त्यानं खोली बघितली. ती गुजरातेत गेली.

आता ती वर्षातून दोनदा नगरला येते. रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं औषध तिला बरीच वर्षं घ्यावं लागणार आहे, कारण पुढचा हल्ला डोळ्यावर होऊ शकतो. आतापर्यंत झालेला नाही. काठीनं चालते, स्वयंपाक करते, शेजारच्या बायकांचे ब्लाउज शिवते. मशीन हातानं फिरवायची घेतली आहे, कारण पायानं पॅडल मारणं जमत नाही. येते तेव्हा थेट स्टँडवरून येते आणि थेट स्टँडवर जाते. माहेरी जायला घोडेगावला उतरत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी कौसाबाई एकट्याच आल्या. रीतसर स्वतःच्या नावाचा केसपेपर काढून रांगेत बसल्या होत्या. आत आल्यावर मी विचारलं, “काय होतंय मावशी?”

“मला काय न्हाई झालं,” त्या म्हणाल्या. “तुमाला भेटायचं हुतं. असं तर कोन आत सोडंना.” मग त्यांनी हात मांडीवर घेतले. “लेक फोन करती. आठवड्याला करती. जेवलीस का इचारती, बापाची साखर किती हाय इचारती. त्याच्याफुडं काय बोलत न्हाई. म्या बोलाय लागले की म्हनती, ठेवते. म्या तिला म्हनायचं ते ऱ्हाऊनच जातंय. तुमचं ती ऐकती. तुमी तिला सांगा, आईची चूक झाली.”

“मी सांगून कसं होईल मावशी? ते तुम्हीच सांगायला हवं.”

“माज्या तोंडून निघत न्हाई वो. लेकीफुडं कसं म्हनायचं? लाज वाटती.”

बाहेर रोगी खोळंबले होते. मी माझा मोबाईल उचलला आणि अर्चनाचा नंबर लावला. दोन रिंगांत तिनं उचलला. “बोला मॅडम, रिपोर्टमध्ये काय निघालं का?” तिच्या आवाजात भीती होती.

“नाही गं, सगळं ठीक आहे. तुझी आई इथे बसलीय माझ्यासमोर. तिला काही सांगायचंय तुला.”

मी फोन कौसाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. फोनचा आवाज मोठा होता, पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झालेली मलाही ऐकू आली.

“अर्चे,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मला वाटलं, आता फोन परत देतील. पण त्यांनी डोळे मिटले आणि बोलल्या, “म्या तुला बापाच्या डोक्यावर हात ठिवाय लावला. तुला मारलं. तू खरं बोलत हुतीस, आन् म्या पोटची आई आसून तुज्यावर इश्वास ठिवला न्हाई. लोकाचं ऐकलं. तुजं न्हाई ऐकलं.”

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मग अर्चनाचा आवाज आला, अगदी साधा. “ऐकलं.”

“व्हय.”

“ठेवू का आता? हे जेवायला येतील.”

“ठिव बाई.”

कौसाबाईंनी माझा फोन पदरानं पुसला आणि टेबलावर ठेवला. “ऐकलं म्हनली,” त्या मला म्हणाल्या.

“हो.”

“रडली न्हाई. भांडली बी न्हाई. ऐकलं म्हनली. मंजी काय वो मॅडम?”

“मलाही नाही सांगता येणार, मावशी.”

त्यांनी पदर नीट केला. मग पिशवी उचलून उठल्या. “बरं,” त्या म्हणाल्या, “आता म्याच लावीन तिला फोन. माज्या हातानं लावीन.” दाराशी पोचल्यावर वळून त्यांनी विचारलं, “तितं गुजरातेत जेवणं कवा उरकत्यात? जेवताना मधी नको व्हायला.”